मोटारसायकलस्वाराचें स्वस्त चिलखत

आजचा विषय पाहिला तर अगदीं बाजारांतला आहे. मोटारसायकल चालवितांना अंगावर घालावयाचें जें साहित्य, म्हणजे हेल्मेट, जाकीट, हातमोजे, बूट आणि गुडघ्यांच्या ढाली, तें कमी किमतीचें घ्यावें कीं घेऊं नये? घेतलें तर त्याचा कांहीं उपयोग होतो, कीं पैसे पाण्यांत जातात? ज्याच्या खिशांत पैसा खुळखुळतो त्याला हा प्रश्न पडत नाहीं. आणि ज्याला आपल्या डोक्याची पर्वा नाहीं त्यालाहि तो पडत नाहीं. तो पडतो मधल्या माणसाला. रोज पंचवीस-तीस किलोमीटरांवरच्या शाळेंत जाणारा शिक्षक, दुधाचे कॅन लावून पहाटे निघणारा गवळी, शहरांत घरोघरीं पुडकीं पोंचविणारा तरुण, हीं सारीं माणसें गाडीचे हप्ते भरून उरलेल्या पैशांत आपल्या जिवाची तजवीज करूं पाहतात. त्यांना उत्तर देतांना 'जीव मोठा कीं पैसा' असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण तें उत्तर नव्हे, तो उपदेश झाला. मी जन्मभर मुलांना गणित आणि शास्त्र शिकविलें. तेव्हां हा प्रश्नहि उदाहरण मांडून सोडवावा असें मला वाटतें. कोणत्याहि कारखान्याचें वा दुकानाचें नांव मी घेणार नाहीं. त्याची आवश्यकताहि नाहीं.

प्रथम प्रश्नाचें गांभीर्य पाहूं. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं ७४,८९७ दुचाकीवरचीं होतीं. आणि हेल्मेट न घातलेलीं अशीं ५०,०२९. वर्षाच्या दिवसांनीं भागिलें तर रोजचीं एकशें सदतीस माणसें होतात. या पन्नास हजारांत १४,३३७ जण गाडी चालवीत नव्हते, मागें बसले होते. हा शेवटचा आंकडा आपण ध्यानांत ठेवावा. पुढें हिशेब करतांना तो लागणार आहे.

आतां शब्दांचा घोळ मिटवूं. आपल्या भाषेंत 'स्वस्त' आणि 'हलका' असे दोन शब्द आहेत, आणि ते एका अर्थाचे नाहींत. हंगामांत कांदा स्वस्त होतो. पण म्हणून तो हलका होत नाहीं. उलट सणाच्या तोंडावर हलकी डाळसुद्धां महाग विकली जाते. किंमत ही बाजाराची गोष्ट आहे आणि गुण ही वस्तूची. म्हणून 'स्वस्त साहित्य घ्यावें काय' हा प्रश्न वस्तुतः असा विचारावयास पाहिजे कीं, या वस्तूचें मुख्य काम कोणतें, तें काम पार पाडण्यास किती खर्च येतो, आणि त्यावर जो पैसा आपण देतों तो कशासाठीं देतों?

डोक्यापासून आरंभ करूं. कारण शीर सलामत तर पगडी पचास. मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचें डोकें जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतें. तेवढ्या उंचीवरून कोणतीहि वस्तु पडली तर जमिनीशीं गांठ पडते वेळीं तिचा वेग सेकंदास ५.४ मीटर, म्हणजे ताशीं एकोणीस-वीस किलोमीटर होतो. गाडी उभी असली तरी हा वेग चुकत नाहीं. आतां पडणें हा घात नव्हे; थांबणें हा घात आहे. तो किती मोठा, हें काढण्याचा एक सोपा मार्ग आहे. ज्या उंचीवरून पडलों ती उंची, आणि ज्या अंतरांत थांबलों तें अंतर, यांचा भागाकार करावा. डोकें उघड्या डांबरावर आपटलें तर तें तीन-एक मिलिमीटरांत थांबतें. दीड मीटरांना तीन मिलिमीटरांनीं भागा, उत्तर पांचशें. म्हणजे मेंदूला गुरुत्वाच्या पांचशें पट हिसका बसला. तेंच डोकें तीन सेंटिमीटरांत थांबलें तर उत्तर पन्नास. घात दहापट कमी झाला. हेल्मेटाचें सारें शास्त्र या एका भागाकारांत आलें. त्याचें काम डोक्याला कठीण कवच देणें एवढेंच नसून, थांबण्यासाठीं तीन सेंटिमीटर उसने देणें हें आहे.

तीं तीन सेंटिमीटर देतो तो हेल्मेटाच्या आंतला थर्मोकोलाचा जाड थर. बाहेरचें टणक कवच घात पसरवितें आणि टोकदार वस्तूला आंत शिरूं देत नाहीं. पण घात गिळतो तो हा थर. तो चिरडतो आणि चिरडतांना आघाताची शक्ति खर्ची पडते. म्हणूनच एकदां जोरानें आपटलेलें हेल्मेट बाहेरून धड दिसलें तरी पुन्हां वापरूं नये. त्यानें आपले तीन सेंटिमीटर देऊन टाकलेले असतात. असें आघात शोषणारें अस्तर असलेल्या शिरस्त्राणाचें पेटंट अमेरिकेंत रॉथ आणि लोम्बार्ड या दोघांना १९५३ सालीं मिळालें.

पण त्यापूर्वींची एक हकीकत आपल्या प्रश्नाला फार उपयोगी आहे. पहिल्या महायुद्धांत 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स हे १३ मे १९३५ रोजीं इंग्लंडांत आपल्या घराजवळ मोटारसायकलवरून जात असतां, समोर आलेल्या दोन सायकलस्वार मुलांना चुकवितांना पडले. डोक्यावर कांहीं नव्हतें. सहा दिवस ते बेशुद्ध होते आणि १९ मे रोजीं वारले. वय अवघें शेहेचाळीस वर्षांचें. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. ही घटना त्यांच्या मनाला लागून राहिली. दुसऱ्या महायुद्धांत शत्रूच्या गोळीवांचून, नुसत्या मोटारसायकलवरून पडून मरणाऱ्या शिपायांचा त्यांनीं अभ्यास केला आणि १९४१ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ब्रिटिश लष्करानें आपल्या मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचें केलें. आणि त्यानंतर मृत्यूंचा आंकडा कसा उतरत गेला, हें केर्न्स यांनीं १९४६ सालीं मांडून दाखविलें. आतां ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या वेळचीं हीं शिरस्त्राणें रबराचीं नाहींतर लगद्याचीं असत. आजच्या साध्यांत साध्या प्रमाणित हेल्मेटापुढें तीं कांहींच नव्हत. तरी त्यांनीं माणसें वांचविलीं.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो. कांहीं नसणें आणि साधें पण खरें हेल्मेट असणें यांतलें अंतर फार मोठें आहे. साधें हेल्मेट आणि उंची हेल्मेट यांतलें अंतर त्यामानानें लहान आहे. जगांतल्या पुष्कळ अभ्यासांचा एकत्र विचार करून २००८ सालीं कॉक्रेन या संस्थेनें जो आढावा प्रसिद्ध केला, त्याप्रमाणें अपघात झाल्यास हेल्मेटामुळें मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनीं आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनीं कमी होतो. हे आंकडे श्रीमंतांच्या हेल्मेटांचे नव्हेत, सगळ्यांच्या हेल्मेटांचे आहेत.

मग महाग हेल्मेटांत अधिक काय असतें? कवच प्लॅस्टिकाऐवजीं कांचतंतूंचें वा कार्बनतंतूंचें असतें, म्हणून बहुधा वजन कमी. हवा खेळती राहते. वाऱ्याचा घोंगाट कमी ऐकूं येतो. कांचेवर सहसा वाफ धरत नाहीं, ती चटकन् बदलतां येते, आंतली गादी काढून धुतां येते. दिवसाचे आठ तास जो गाडीवर असतो त्याला हें सुख थोडें नाहीं, आणि त्यानें त्यासाठीं पैसे दिले तर तो उधळेपणा म्हणतां येणार नाहीं. परंतु हें सुखाचें मोल आहे; तें सर्वस्वीं सुरक्षिततेचें मोल आहे असें समजूं नये. ब्रिटिश सरकारच्या वाहतूक खात्यानें २००७ सालीं 'शार्प' नांवाची योजना सुरू केली. तींत बाजारांतलीं हेल्मेटें विकत घेऊन आपटून पाहतात आणि एकापासून पांचपर्यंत तारे देतात. तींत कमी किमतीच्या कांहीं हेल्मेटांना चार-पांच तारे मिळाले आहेत, आणि भारी किमतीच्या कांहींना त्यांहून कमी. किंमत ही गुणांची पावती नव्हे, हें यावरून स्पष्ट होतें.

परंतु, श्रोतेहो, स्वस्ताईला एक तळ असतो. त्या तळाखालीं जें मिळतें तें स्वस्त हेल्मेट नव्हे. तें हेल्मेटच नव्हे. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेलीं दोनशें-तीनशें रुपयांचीं जीं टोपलीं मिळतात, त्यांतल्या पुष्कळांत थर्मोकोलाचा थरच नसतो. प्लॅस्टिकाच्या कवचाला आंतून पातळ स्पंज चिकटविलेला असतो. वर सांगितलेला भागाकार येथें करून पाहा. तीन सेंटिमीटर तेथें नाहींतच. मग भागणार कशानें? असलें टोपलें पोलिसाला दाखविण्यापुरतें असतें, आणि तेवढेंहि काम आतां तें करीत नाहीं. कारण १ जून २०२१ पासून भारतीय मानकाची खूण नसलेलें दुचाकीचें हेल्मेट बनविणें आणि विकणें हा आपल्या देशांत कायद्यानें गुन्हा आहे. त्या मानकाचा क्रमांक आय. एस. ४१५१. प्रमाणित हेल्मेट आजच्या बाजारांत हजार ते पंधराशें रुपयांत मिळतें. दोनशें रुपयांचें टोपलें आणि हजारांचें हेल्मेट यांत आठशें रुपयांचा फरक नाहीं. एक आहे आणि एक नाहीं, इतका फरक आहे.

खूणहि खोटी छापतां येते, म्हणून ती पारखून घ्यावी. आय. एस. आय. च्या खुणेबरोबर सी. एम. एल. या अक्षरांनीं सुरू होणारा परवान्याचा क्रमांक असतो. मानक ब्यूरोच्या 'बी. आय. एस. केअर' या मोबाइलवरील ॲपमध्यें तो घातला कीं परवाना कोणाचा आणि चालू आहे कीं नाहीं तें समजतें. नंतर आंतली गादी किंचित् बाजूस करून अंगठ्यानें दाबून पाहावें. टणक, जाड थर हाताला लागला पाहिजे. मग तें डोक्यावर घालून, हनुवटीखालचा पट्टा बांधून, मागून पुढें ओढून पाहावें. तें निघून आलें तर तें आपल्या मापाचें नव्हे. डोक्यावर सैल फिरणारें हेल्मेट फुकट मिळालें तरी घेऊं नये. गालांवर तें थोडें घट्टच बसावें. वापरानें गादी बसते. शक्य तर हनुवटी झांकणारें, पूर्ण तोंडाचें घ्यावें. जर्मनींतील हानोव्हर येथें अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ऑटे या संशोधकाला असें आढळलें कीं, हेल्मेटांवरच्या आघातांपैकीं जवळजवळ एक तृतीयांश हनुवटीच्या भागावर बसतात. अर्धें हेल्मेट तो भाग उघडा ठेवतें. आणि जुनें, कोणी वापरलेलें हेल्मेट कधींहि विकत घेऊं नये. त्याचे तीन सेंटिमीटर शिल्लक आहेत कीं खर्ची पडले, हें बाहेरून कळत नाहीं.

माझा एक विद्यार्थी होता. वर्गांत फार हुशार नव्हता, पण हाताचा कसबी; पुढें पंपदुरुस्तीचें काम करून त्यानें घर वर आणलें, बहिणीचें लग्न केलें. त्यानें चांगलें हेल्मेट घेतलें होतें. महाग घेतलें होतें. एके दिवशीं संध्याकाळीं गांवांतल्या गांवांतच, बाजाराच्या रस्त्यावर, एक कुत्रें आडवें आलें आणि तो पडला. वेग कांहीं नव्हता. हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकविलेलें होतें. त्याला एक ओरखडाहि आला नाहीं. हेल्मेटाला म्हणतों मी. दोन पावलांवर तर जायचें, म्हणून त्यानें तें घातलें नव्हतें. त्याची आई तें हेल्मेट अजून खुंटीवर ठेवून आहे. न घातलेल्या हेल्मेटाची किंमत शून्य असते, मग तें कितीहि रुपयांचें असो. हें गणित मी वर्गांत शिकविलें नव्हतें, पण त्या घराच्या ओटीवर बसलों असतां तें मला कोणी न सांगतां समजलें.

आतां अंगाकडे वळूं. ताशीं पन्नास किलोमीटर वेगानें जाणारा माणूस पडला तर डांबरावरून घसरत जातो. घर्षणाचा साधारण हिशेब केला तर तो सुमारें सोळा मीटर घसरतो आणि थांबायला दोन-अडीच सेकंद लागतात. नेहमींची डेनिमची विजार घर्षणयंत्रावर सेकंदभरहि टिकत नाहीं. म्हणजे पहिला सेकंद कापड झिजतें आणि उरलेला दीड सेकंद कातडी. जाकिटाचें काम हे दीड-दोन सेकंद भरून काढणें, आणि खांदा, कोंपर, गुडघा या ठिकाणीं बसणारा दणका थोडा पसरविणें, एवढेंच आहे. तें उडत्या गोळीपुढचें चिलखत नव्हे. शिवाय बहुतेक अपघात आपण समजतों तितक्या वेगानें होत नाहींत. अमेरिकेंत हॅरी हर्ट या अभ्यासकानें लॉस एंजलिस भागांतले सुमारें नऊशें अपघात प्रत्यक्ष जाग्यावर जाऊन तपासले. १९८१ सालच्या त्याच्या अहवालाप्रमाणें निम्म्या अपघातांत संकट दिसण्यापूर्वींचा वेग ताशीं ४८ किलोमीटर किंवा त्याहून कमी होता, आणि प्रत्यक्ष आदळतांना ३५ च्या आंत. साध्या साहित्याला ज्या परीक्षेला बसावें लागतें, ती ही परीक्षा आहे.

या परीक्षेचा निकाल ऑस्ट्रेलियांत लावून पाहिला गेला आहे. लिझ द रोम आणि त्यांचे सहकारी यांनीं अपघात झालेल्या २१२ मोटारसायकलस्वारांची पाहणी करून तो २०११ सालीं प्रसिद्ध केला. मोटारसायकलचें जाकीट घातलेल्यांना रुग्णालयांत दाखल व्हावें लागण्याचा संभव २१ टक्क्यांनीं कमी, विजार घातलेल्यांना ५१ टक्क्यांनीं कमी, आणि हातमोजे घातलेल्यांना ५९ टक्क्यांनीं कमी असा आढळला. त्यांतली एक गोष्ट आपल्या प्रश्नाला थेट उत्तर देते. मोटारसायकलसाठीं म्हणून न बनविलेले, पण घोट्यापर्यंत येणारे साधे बूट ज्यांच्या पायांत होते, त्यांना पायाची वा घोट्याची इजा होण्याचा संभव, नुसते जोडे घालणाऱ्यांपेक्षां निम्म्याहूनहि कमी होता. म्हणजे चांभाराकडचा नाहींतर बाजारांतला जाड कातड्याचा, घोटा झांकणारा बूटसुद्धां काम करतो. आणि आपल्याकडे तर लोक चपला घालून गाडी चालवितात.

पण त्याच पाहणींत दुसरीहि बाजू आहे, ती लपवितां कामा नये. अपघातांत सापडलेल्या जाकिटांपैकीं जवळजवळ तीस टक्के, विजारींपैकीं अठ्ठावीस टक्के आणि हातमोज्यांपैकीं पंचवीस टक्के फाटलीं, उसवलीं वा भोंकें पडून निकामी झालीं. 'मोटारसायकलचें' असें नांव लावलें म्हणून वस्तु टिकतेच असें नाहीं. तेव्हां जाकीट घेतांना रंग आणि पट्टे पाहूं नयेत, शिवण पाहावी. खांद्यावर आणि कोंपरावर कापड दुहेरी आहे काय? टांके दोन-तीन रांगांचे आहेत काय? खांद्याचा व कोंपराचा प्रोटेक्टर खिशांतून बाहेर काढून पाहावा. त्यावर ई. एन. १६२१ हा युरोपीय मानकाचा क्रमांक आणि १ किंवा २ ही पातळी कोरलेली असते. पहिल्या पातळीपेक्षां दुसरी अधिक चांगली. पुष्कळ स्वस्त जाकिटांवर 'सी. ई. प्रमाणित' असें ठळक लिहिलेलें असतें. परंतु तें प्रमाणपत्र बहुधा आंतल्या प्रोटेक्टराचें असतें, जाकिटाच्या कापडाचें नव्हे. सबंध कपड्याचें युरोपीय मानक निराळें आहे, ई. एन. १७०९२ हा त्याचा क्रमांक, आणि एएए, एए, ए अशा त्याच्या उतरत्या श्रेणी. हा क्रमांक आंतल्या चिठ्ठीवर सांपडला तर दुकानदाराचें बोलणें ऐकण्याची गरज नाहीं. आणि पाठीच्या खिशांत प्रोटेक्टराऐवजीं नुसता स्पंज घातलेला असणें ही नेहमींची गोष्ट आहे. दाबून पाहिला कीं तो ओळखूं येतो. तेवढ्यावरून जाकीट टाकून देऊं नये. पुढें पैसे आले कीं पाठीचा खरा प्रोटेक्टर वेगळा घेऊन त्या खिशांत घालतां येतो.

हातमोज्यांसंबंधीं दोनच शब्द. पडणारा माणूस प्रथम हात टेंकतो. हें विचारानें होत नाहीं, जन्मतःच होतें. म्हणून तळव्यावर कातडें दुहेरी असावें, आणि मनगटाला घट्ट बसणारा पट्टा असावा. पट्टा नसेल तर हात टेंकतांच मोजा निसटून जातो आणि मालकाआधीं रस्ता ओलांडतो. गुडघ्यांवर बाहेरून बांधावयाच्या स्वस्त ढाली घेतांनाहि हेंच पाहावें; रबरी पट्ट्या सैल पडल्या कीं ढाल पोटरीवर उतरते, आणि गुडघा उघडाचा उघडा. कातड्यासारखें दिसणारें रेक्झिन, आणि विदेशी नांवाची खोटी चिठ्ठी लावलेलें जाकीट, या दोहोंपासून दूर राहावें. तेथें चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा प्रकार असतो. आपण पैसे मसाल्याचे देतों.

आतां आपल्या हवेचा विचार. विदर्भांत मे महिन्यांत जाड जाकीट घाला असें सांगणारा माणूस एक तर तेथें गेलेला नसतो किंवा त्याला उत्तर ऐकावयाचें नसतें. पुण्यांत १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनीं हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू केली तेव्हां तिच्या विरुद्ध लोक मोर्चा घेऊन रस्त्यावर आले. उकडतें, मान दुखते, मागचा कर्णा ऐकूं येत नाहीं, अशा तक्रारी नेहमीं ऐकूं येतात. त्यांची मी थट्टा करणार नाहीं. गैरसोय खरी आहे, आणि गैरसोयीची वस्तु खुंटीवर राहते. म्हणूनच उष्ण प्रदेशांत जाळीच्या कापडाचें जाकीट घ्यावें. तें जाड जाकिटाइतकें झिजेला तोंड देत नाहीं. पण अंगावर असतें. अंगावरची जाळी ही कपाटांतल्या कातड्यापेक्षां केव्हांहि अधिक मजबूत. कोंकणांत पावसाळ्यांत ओरखडे पडलेली हेल्मेटाची कांच रात्रीं समोरच्या दिव्यानें आंधळी होते. दोन-तीनशें रुपयांची नवी कांच बसविणें ही तेथें मोठी बचत आहे.

आतां हिशेब मांडूं. समजा एका गृहस्थापाशीं सहा हजार रुपये आहेत. त्यांत एक झकपक हेल्मेट येईल, आणि तेवढ्यावर खातें संपेल. दुसरी रीत अशी: पंधराशें रुपयांचीं दोन प्रमाणित हेल्मेटें, तीन हजार, हातमोजे एक हजार, घोटा झांकणारे बूट पंधराशें, उरलेल्या पांचशेंत रात्रीं चमकणारा पट्टा आणि हेल्मेटाची एक जादा कांच. दोन हेल्मेटें कशाला, असें कोणी विचारील. त्यासाठींच मघाचा आंकडा ध्यानांत ठेवावयास सांगितला होता. त्या एका वर्षांत हेल्मेटावांचून मेलेल्यांपैकीं चौदा हजारांहून अधिक जण मागें बसलेले होते. त्यांत कोणाची पत्नी होती, कोणाची आई होती. कायदा मागें बसणारालाहि हेल्मेट सांगतो, आणि चार वर्षांवरील मुलालाहि सांगतो. न घातल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना रद्द. पण कायदा राहूं द्या. धन्यानें सात हजारांचें हेल्मेट घालावें आणि मागें त्याच्या घरधनिणीनें पदर सांवरीत उघड्या डोक्यानें बसावें, हें दृश्य मला कधींच पाहवलें नाहीं. स्वस्त हेल्मेटाचा सर्वांत मोठा गुण हाच कीं, तें दोन घेतां येतात. जाकीट पुढच्या वर्षीं घ्यावें. गुडघ्यांच्या ढाली त्यानंतर. अंथरूण पाहून पाय पसरावे, पण डोकें अंथरुणाबाहेर ठेवूं नये.

यावर एक आक्षेप असा येतो कीं, असलें साहित्य अंगावर चढलें कीं तरुणाला उगीच धीर येतो आणि तो गाडी जोरांत हांकतो. त्याला उत्तर पुन्हां गणितांतच आहे. वेग दुप्पट झाला कीं गतीची शक्ति चौपट होते. हजारांचें असो वा पन्नास हजारांचें, कोणतेंहि हेल्मेट चौपटीच्या हिशेबाला पुरें पडणार नाहीं. आणि मालमोटारीच्या चाकाखालीं तर सारें साहित्य सारखेंच. पडण्याचा दोष पुसून टाकणें हें साहित्याचें काम नाहीं. पडल्यानंतर घरीं परत येण्याची संधि वाढविणें हें आहे. जो हें समजतो त्याला फाजील धीर येत नाहीं.

तेव्हां सारांश असा. स्वस्त साहित्य घ्यावें काय? घ्यावें, निःशंक घ्यावें. मात्र खूण पाहून, दाबून, ओढून, शिवण उसवून पाहिल्यासारखी पाहून घ्यावें. हलकें घेऊं नये, तें फुकटहि घेऊं नये. आणि घेतलेलें रोज घालावें, दोन पावलांवर जायचें असलें तरीहि.

दसऱ्याला आपल्याकडे गाडी धुतात, तिला झेंडूचा हार घालतात, हळदकुंकू वाहतात. लाखभर रुपयांच्या त्या यंत्राची पूजा करण्यांत वावगें कांहीं नाहीं. अन्न मिळवून देणाऱ्या हत्याराचा मान राखणें ही आपली जुनी रीत आहे. माझें एवढेंच मागणें आहे कीं, त्या दिवशीं पाटावर दोन हेल्मेटेंहि मांडावीं. मग पूजा झाल्यावर हार गाडीवर राहूं द्यावा, आणि हेल्मेटें तेवढीं उचलून डोक्यावर घालावीं.